आमची वाटचाल: हिवाळ्यापुरतं मसाल्याचं फ्रॉस्टिंग

नागपुरात धरमपेठेत घराच्या मागच्या खोलीत मी आणि माझ्या मोठ्या जाऊबाईंनी 2016 साली बेकरी सुरू केली. वाढदिवसाचे केक, शाळांच्या गॅदरिंगचे कपकेक, एफएसएसएआयची नोंदणी, हप्त्यांवर घेतलेला ओव्हन… घरगुती बेकरी चालवणाऱ्या प्रत्येकीला हे माहीत आहे, त्यात फार शिरत नाही. लोक आम्हाला ओळखायला लागले ते नाताळच्या दिवसांतल्या मसालेदार फ्रॉस्टिंगमुळे, म्हणजे केकवर लावतात त्या गोड, मऊ थरामुळे.

आपल्याकडे केकवर बहुतेक ठिकाणी व्हीप क्रीम असतं. ते वनस्पती तेलापासून बनतं, लवकर ढळत नाही आणि स्वस्त पडतं. मे महिन्यात पारा 45 च्या वर जाणाऱ्या गावात त्याची गरज आहे, हे मान्यच. उन्हाळ्यात आम्हीही तेच वापरतो. पण त्यात दालचिनी घातली तर ती वरवर राहते. मसाल्याचा सुगंध त्याच्या तेलात असतो आणि ते तेल उतरायला कोमट तूप-लोण्यासारखं काही लागतं. आपण फोडणी देतो ती याचसाठी. म्हणून थंडीत खरं बटर वापरायचं, असं आम्ही ठरवलं.

बाहेरच्या पाककृतींत मसाल्याच्या फ्रॉस्टिंगला क्रीम चीज सांगतात. ते महाग, आणि आमच्या चवीला थोडं खारट. जाऊबाईंचा श्रीखंडाचा हात सगळ्या नात्यात नावाजलेला. त्या म्हणाल्या, "अगं, आंबटसर, घट्ट आणि जायफळाशी जुळणारं हवं ना? मग चक्का काय वाईट आहे?" आमचं फ्रॉस्टिंग उभं आहे ते या एका वाक्यावर.

मसाला इतवारीतून आणतो. तिथल्या आमच्या किराणावाल्या काकांनी पहिल्याच खेपेला पुडी परत घेतली आणि म्हणाले, "ताई, ही जाड सालीची काऊन नेऊन राहिल्या? ही भाजीले ठीक. गोडात टाकाची असन तं पातळ न्या." पातळ दालचिनीच्या नळीत कागदाच्या गुंडाळीसारखे पदर असतात, बोटांनी चुरडली जाते, वास गोडसर येतो. जाड साल उग्र आणि तिखट. तेव्हापासून आम्ही पातळच घेतो, महाग पडली तरी. जायफळ अख्खं आणून लागेल तेवढंच ताजं किसतो. सुंठ मात्र घरीच कुटतो, कारण तयार पुडीत जोर राहत नाही.

आता कृती सांगते, लपवण्यासारखं त्यात काही नाही. आदल्या रात्री म्हशीच्या दुधाचं दही मलमलच्या कापडात टांगायचं. डिसेंबरात रात्री इतका गारठा असतो की विरजण लागतच नाही, म्हणून पातेलं बंद ओव्हनमध्ये नुसत्या दिव्याच्या उबेत ठेवतो. चक्का असा हवा की कापड उलटं केलं तरी गोळा पडू नये. 250 ग्रॅम बिनमिठाच्या बटरातलं चार चमचे बटर वेगळं काढून मंद आचेवर वितळवायचं, गॅस बंद करून त्यात दीड चहाचा चमचा दालचिनी, अर्धा चमचा सुंठ, पाव चमचा जायफळ आणि लवंगेची चिमूटभर पूड घालायची. लवंग चिमटीपुढे गेली की जीभ बधिर होते आणि बाकीचं काही कळत नाही. ही पूड वस्त्रगाळ असायला हवी. एक जरी कण मोठा राहिला तरी पायपिंग बॅगचं नोझल तुंबतं आणि फूल मधेच तुटतं. मसाल्याचं बटर पूर्ण गार झालं की उरलेलं मऊ बटर आणि 200 ग्रॅम पिठीसाखर त्यात घालून पांढरट, हलकं होईपर्यंत फेटायचं. 200 ग्रॅम चक्का अगदी शेवटी, हलक्या हाताने. चक्का आणि बटर दोन्ही सारख्याच तापमानाचे हवेत. फ्रिजमधला थंड चक्का घातला की बटर दाणेदार होऊन मिश्रण फुटल्यासारखं दिसतं. संत्र्याची साल घालायची ती फळ सोलायच्या आधी किसून, कारण नागपुरी संत्र्याची साल सैल असते, सोलल्यावर ती किसणीवर धरताच येत नाही. वरचा केशरी भागच घ्यायचा, पांढरा कडू लागतो. रस अजिबात नाही, त्याने फ्रॉस्टिंग सैल पडतं. आंबिया बहाराची संत्री नेमकी याच दिवसांत बाजारात असतात, हे आमचं भाग्य.

केल्याबरोबर चाखलं तर मसाला चरचरीत आणि सुटा लागतो. रात्रभर फ्रिजमध्ये मुरलं की तोच मसाला गोल होतो. म्हणून त्याच दिवशीची ऑर्डर आम्ही घेत नाही. काही जण नाराज होतात, पण यात तडजोड नाही.

हे कोणत्या केकवर लावायचं, ते आम्हाला सदरमधल्या एका आजींनी शिकवलं. त्यांच्याकडे नाताळच्या फराळात करंज्या, चकल्यांबरोबर रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक असतो. त्या म्हणाल्या, "बेटा, त्या केकावर काही थापू नकोस. त्याला त्याचाच मसाला पुरे." खरं आहे. आमचं फ्रॉस्टिंग गाजराच्या नाहीतर गूळ-आल्याच्या केकवरच शोभतं. कॉटन मार्केटात लाल गाजरं यायला लागली की आमचा हंगाम सुरू होतो.

डिसेंबरातली खरी कसरत पोचवण्याची. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन याच महिन्यात असतं. मोर्चे, बॅरिकेड, वळवलेली वाहतूक यामुळे सीताबर्डी आणि सिव्हिल लाइन्सकडचा रस्ता कधी बंद होईल, सांगता येत नाही. त्या आठवड्यांत त्या भागातले डबे आमचा पुतण्या सकाळी लवकर पोचवून येतो. थंडी असल्यामुळे बटरचा केक तेवढा वेळ नीट टिकतो.

मागे एका कॅफेने हेच फ्रॉस्टिंग बाराही महिने मागितलं, बटरऐवजी वनस्पती तेलाचं चालेल म्हणून. रक्कम चांगली होती. जाऊबाईंनी आणि मी एकमेकींकडे बघून नाही म्हटलं. मार्च उजाडला की नागपुरात बटर टेबलावर धरत नाही, आणि बटर काढलं तर ते आमचं फ्रॉस्टिंगच राहत नाही.

2025 च्या सप्टेंबरात बटरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला, त्याने थोडा श्वास मिळाला. त्या जोरावर आता घरी केक करणाऱ्यांसाठी नुसत्या फ्रॉस्टिंगचे अर्धा किलोचे डबे सुरू करतो आहोत, नोव्हेंबर ते संक्रांत. डबा फ्रिजमधून काढून तासभर बाहेर ठेवा, चमच्याने हलवा, पुन्हा मशीनने फेटू नका. दोन दिवस आधी सांगा म्हणजे झालं.