फार्म शेअर, माझा मुलगा आणि तो चेक

सुरुवात चेकबुकपासूनच करते कारण अजून डोक्यातून जात नाहीये. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये. फार्म शेअर म्हणजे शेतकऱ्याला अख्ख्या सीझनचे पैसे हिवाळ्यातच द्यायचे, त्यात त्याचं बी-बियाणं निघतं, मग जून ते ऑक्टोबर दर आठवड्याला जे पिकेल त्यातला वाटा आपला. पीक कमी आलं तर वाटाही कमी. अमेरिकेत हे १९८६ मध्ये सुरू झालं, पहिल्या दोन शेतांपैकी एक आमच्याच राज्यातलं.

फॉर्म पाच मिनिटांत भरला आणि शेवटी काय, तर कार्ड चालणार नाही, फक्त चेक! इतकी वर्षं इथे राहून मी चेकबुक हातात धरलं नव्हतं. बँकेतून मागवलं, दहा दिवस गेले. चेक पोस्टात टाकला आणि मग सगळं सामसूम. पैसे कटेनात, ईमेलला उत्तर नाही, फोन केला की व्हॉइसमेल, आणि इकडे वेबसाइटवर हाफ शेअर, म्हणजे अर्धे वाटे, संपत आलेले. नवरा म्हणे, "अगं दुकानातून आण ना भाजी." शेवटी गाडी काढून थेट शेतावर गेले. तिथल्या बाईंनी ड्रॉवरमधून माझा चेक काढला आणि तारखेवर बोट ठेवलं. ०३/०२. माझी ३ फेब्रुवारी, त्यांची २ मार्च, कारण इथे महिना आधी लिहितात! पुढच्या तारखेचा समजून बाजूला ठेवलेला. चूक माझी, मान्य, पण एक ईमेल टाकायला काय जात होतं? तिथेच दुसरा चेक फाडला तेव्हा जीव भांड्यात पडला.

फुल घ्यावा की हाफ असं विचाराल तर हाफच घ्या, दोन माणसं आणि एक पोर यांना फुल संपत नाही. केल नावाची इथली पालेभाजी थालीपिठात खपते. नवलकोल बघून तर आई व्हिडिओ कॉलवर ओरडलीच, "अगं हा तिकडे पण मिळतो?"

आणि लहान मूल असेल तर पिकअप, म्हणजे वाटा घ्यायची जागा, लांब पडला तरी शेतावरचाच निवडा, घराजवळचा नको. आमच्याकडे चेरी टोमॅटो आणि मटार आपले आपण तोडायचे असतात. घरी टोमॅटो ताटाबाहेर काढणारा माझा चार वर्षांचा मुलगा तिथे वाफ्यात फतकल मारून बसला, डब्यात दोन, तोंडात दहा, शर्ट लालभडक. पिशव्या मात्र घरून न्या, तिथे देत नाहीत.

यंदाचा चेक मी जानेवारीतच पाठवला. तारीख टाकली ०१/०१. वाचा आता कसंही.