बर्डीच्या तोंडचे दोन शब्द

मी इंग्रजी सिनेमांना मराठी सबटायटल्स करते. बरीच वर्षं झाली आता, पण ऑल अबाउट ईव्हच्या खेळाचा तो दिवस काही डोक्यातून जात नाही म्हणून लिहितेय.

पुण्यात नाटकवाल्या मंडळींच्या एका गटासाठी खेळ होता. सिनेमा 1950 चा, जोसेफ मँकिविझचा, 138 मिनिटांचा आणि बोलतात किती, अक्षरशः श्वास घ्यायला वेळ नाही! न्यूयॉर्कच्या रंगभूमीवरची मोठी नटी मार्गो चॅनिंग म्हणजे बेटी डेव्हिस, आणि रोज रात्री तिचं नाटक बघून मागच्या दाराशी पावसात उभी राहणारी ईव्ह म्हणजे अ‍ॅन बॅक्स्टर. ही गरीब गाय वाटणारी पोरगी मार्गोच्या घरात येते, आधी सेक्रेटरी होते, मग तिची अंडरस्टडी, म्हणजे ती आली नाही तर तिच्या जागी उभी राहणारी बदली नटी, आणि शेवटी लेखकाच्या नव्या नाटकातली मार्गोसाठी ठरलेली भूमिकाच घेऊन जाते.

सकाळी हॉलवर चेक करायला बसलो तर सबटायटल्स हळूहळू पुढे पळतायत. मी सेकंदाला 25 फ्रेमच्या कॉपीवर टायमिंग केलेलं आणि इथली कॉपी 24 ची, अर्ध्या तासात मिनिटभरापेक्षा जास्त फरक पडला होता. ते दुरुस्त करायला फार वेळ लागला नाही.

खरी झोप उडवली होती ती तू आणि तुम्हीनं. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू, मराठीत प्रत्येक वाक्याला ठरवावं लागतं कोण कोणाला काय म्हणणार. मार्गो ईव्हला तू म्हणणार हे उघड. ईव्ह मार्गोला शेवटपर्यंत तुम्हीच म्हणणार, कारण तिचा सगळा डाव त्या नम्रपणावर उभा आहे, एकदा जरी ती घसरली तरी खेळ संपला. अडले मी बर्डीपाशी. बर्डी म्हणजे मार्गोचे कपडे सांभाळणारी, तिची ड्रेसर, थेल्मा रिटरनं केलीय आणि एवढ्याशा कामासाठी तिला ऑस्करचं नामांकन होतं. आधी मी नोकर आहे म्हणून तिच्या तोंडी अहो बाई, तुम्ही असं घातलं होतं. वाचताना सारखं खटकत होतं. बर्डी स्वतः जुनी वॉडव्हिलवाली, म्हणजे नाच-गाणी-विनोदाच्या स्टेज शोमधली, स्टेजवर घाम गाळलेली, मार्गोला तोंडावर सुनावणारी, ती कशाला अहो-जाहो करेल? आदल्या रात्री दोन वाजता तिची सगळी वाक्यं तू वर आणली.

ईव्ह पहिल्यांदा मेकअपरूममध्ये आपली कहाणी सांगते, नवरा युद्धात गेला वगैरे, तेव्हा सगळ्यांचे डोळे भरतात आणि बर्डी म्हणते काय गोष्ट आहे, मागे शिकारी कुत्री लागायची तेवढी राहिली! हॉल हसला. मला खूप बरं वाटलं कारण ते वाक्य मी सात-आठ वेळा लिहिलं होतं. पुढे घरच्या पार्टीत मार्गो म्हणते सीट बेल्ट बांधा, आजची रात्र धक्क्यांची जाणार, त्या प्रसिद्ध वाक्याला मात्र कोणी हसलं नाही, 1950 साली पट्टा म्हणजे विमान हे आज कोणाला पटकन कळणार.

मध्यंतरात पहिल्या रांगेतल्या एक आजी माझ्याकडे आल्या. कोणीतरी ओळख करून दिली, व्यावसायिक नाटकांचा कपडेपट तीसेक वर्षं सांभाळलेल्या. इंग्रजी येत नाही असं त्यांनीच सांगितलं. म्हणाल्या, "तू बरोबर केलंस हो, आम्हीपण चार लोकांत बाईंना अहो म्हणायचो आणि आत पिना लावताना अगं हल नको म्हणायचो." मी तिथेच रडायच्या बेतात.

मग म्हणाल्या, "पण त्या बाईनं पाच गोष्टी सांगितल्या, तू तीनच लिहिल्यास."

मला आधी कळेचना. मग लक्षात आलं. मार्गो बर्डीला विचारते की तुला ईव्ह आवडत नाही ना, आणि बर्डी म्हणते ती तुझा अभ्यास करतेय, तू म्हणजे जसं काही नाटक, पुस्तक, नाहीतर घराचा नकाशा, तू चालतेस कशी, बोलतेस कशी, खातेस, विचार करतेस, झोपतेस कशी. दोन ओळी, ओळीला साधारण चाळीस अक्षरं, एवढीच जागा मी स्वतःला देते, म्हणून खाणं आणि विचार करणं मी कापलं होतं. अर्थ पोचतोय की, असं वाटलं होतं. आजींनी भाषा न कळता नुसत्या ठोक्यावरून मोजलं होतं!

"शिकाऊ पोरी आम्ही खूप बघितल्या," त्या म्हणाल्या, "त्या चुकतात, रडतात, चहा सांडतात. ही एकदा तरी चुकली का? कपडेवालीला आधी कळणारच, तिच्या हातातून सगळं जातं." खरंच आहे ते, ईव्ह मार्गोचा ड्रेस अंगाला लावून आरशासमोर वाकून वाकून अभिवादन करते तेव्हा मार्गो बघते आणि हसून सोडून देते, आणि बर्डीला तर त्याच्या आधीपासून वास आलेला असतो.

सिनेमा संपला, शेवटी फीबी नावाची नवी पोरगी ईव्हचा झगा अंगावर घेऊन आरशात स्वतःला बघते तेव्हा हॉलमध्ये कोणी हललं नाही. चर्चेत लोक बेटी डेव्हिसवर बोलत होते, तिला आणि बॅक्स्टरला एकाच विभागात नामांकन होतं आणि दोघींनाही मिळालं नाही यावर. आजींनी हात वर केला आणि एकच विचारलं, "पार्टीनंतर ती कपडेवाली कुठे गेली?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. बर्डी पार्टीनंतर दिसेनाशीच होते, कोणी तिचं नाव काढत नाही. मी हा सिनेमा कितीतरी वेळा बघितला, एकेक वाक्य थांबवून, आणि मला कधी हा प्रश्न पडला नव्हता.

घरी येऊन जेवण न करताच फाइल उघडली. ते वाक्य दोन सबटायटल्समध्ये तोडलं, पुढच्याचं टायमिंग थोडं मागे ढकललं, आता पाचही आहेत.