एएमएच ०.९ आलं, म्हणजे नेमकं काय?

बडोद्यात रावपुऱ्यातली लॅब असो की दांडिया बाजारातली, एएमएचचा (अँटी-म्युलेरियन हार्मोनचा) रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न हाच उठतो: "०.९ आलंय, आता मूल होणार नाही का?" हा आकडा ते सांगतच नाही.

एएमएच हे मेंदूकडून येणारं हार्मोन नाही. अंडाशयातच, वाढीला लागलेल्या छोट्या फॉलिकलच्या (अंडं ज्यात वाढतं त्या पिशवीच्या) ग्रॅन्युलोसा पेशी ते बनवतात. त्याचं काम ब्रेकचं. सुप्त फॉलिकल एकदम सगळी जागी होऊ नयेत आणि जागी झालेली एफएसएचमुळे (फॉलिकल वाढवणाऱ्या हार्मोनमुळे) भराभर वाढू नयेत, हे ते पाहतं. ज्या उंदरांत एएमएच नसतं त्यांचा फॉलिकलचा साठा लवकर संपतो. फॉलिकल ८ मिमीच्या पुढे गेलं की त्याचं एएमएच आटतं. म्हणून रक्तातल्या आकड्यावरून छोट्या फॉलिकलची संख्या कळते, अंड्याची प्रत नाही. प्रत मुख्यतः वयावर ठरते. नैसर्गिक गर्भधारणेला महिन्याला एक अंडं पुरतं. आयव्हीएफमध्ये (टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात) मात्र इंजेक्शनांचा डोस ठरवायला हा आकडा फार उपयोगी पडतो.

रिपोर्ट वाचताना आधी युनिट बघा. १ नॅनोग्रॅम प्रति मिली म्हणजे ७.१४ पिकोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे आकडे युनिट न पाहता शेजारी ठेवले की उगाच घबराट होते. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर एएमएच खोटं नाही, पण कमी दिसतं. जमत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळ्या थांबवाव्यात आणि दोन-तीन महिन्यांनी तपासणी करावी. केसांसाठी १० मिलीग्रॅम बायोटिन घेत असाल तर लॅबला सांगा. काही किटमध्ये बायोटिनमुळे आकडा खोटा खाली येतो. तपासणीआधी दोन-तीन दिवस बायोटिनची गोळी बंद ठेवलेली बरी. पाळीचा दिवस मात्र कुठलाही चालतो. पीसीओएसमध्ये (अंडाशयात बरीच छोटी फॉलिकल साठण्याच्या त्रासात) आकडा बऱ्याचदा चढा असतो, आणि तो चढा आहे म्हणून अंडं वेळेवर सुटतंच असं नाही.

दुसरा ब्रेक याहूनही सुंदर आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. सीएनपी नावाचं २२ अमिनो आम्लांचं पेप्टाइड फॉलिकलच्या भिंतीतल्या पेशी सोडतात. अंड्याला बिलगलेल्या क्युम्युलस पेशी ते ओळखून सीजीएमपी हा निरोप पोचवणारा रेणू बनवतात. ते बारीक मार्गांनी अंड्यात शिरतं आणि अंड्याचं विभाजन अर्ध्यावर थोपवून धरतं. एलएच (अंडं सुटायला लावणारं हार्मोन) उसळलं की सीएनपी घटतं, मार्ग बंद होतात, अंडं पुढे सरकतं. एलएच चढू लागल्यापासून साधारण ३६ तासांनी फॉलिकल फुटतं.

आयव्हीएफमध्ये एलएचच्या उसळीचं काम करणारं ट्रिगरचं इंजेक्शन घड्याळ लावून घ्यायचं ते यासाठीच. अंडी ३४ ते ३६ तासांनी काढतात. इंजेक्शन दोन तास उशिरा घेतलं आणि सांगितलं नाही, तर कच्ची अंडी जास्त निघू शकतात. वेळ चुकली तर लगेच फोन करावा, कुणी रागावेल ही भीती नको. पिकअपची, म्हणजे अंडी काढण्याची, वेळ बदलता येते.

आयव्हीएममध्ये (कच्ची अंडी काढून प्रयोगशाळेत पिकवण्याच्या पद्धतीत) याच्या उलट अडचण असते. कच्चं अंडं फॉलिकलबाहेर आलं की ब्रेक सुटतो आणि ते आपणहून विभागू लागतं, अंड्याचा बाकीचा भाग तयार होण्याआधीच. १९३५ मध्ये पिंकस आणि एन्झमन यांनी सशाच्या अंड्यांत हे पाहिलं होतं. आता काही केंद्रं अशी अंडी आधी साधारण २४ तास सीएनपी असलेल्या माध्यमात ठेवतात आणि नंतर पिकवायला घेतात.