विंडोज ठेवलं, मिंटही आणलं

आज घरच्या जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० च्या शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम बसवली. बटण दाबलं की ग्रबची (कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणाऱ्या प्रोग्रामची) यादी येते, बाणाच्या कळीने हवं ते निवडायचं अन् एंटर. दोन्ही नीट सुरू होतात. मन भरून आलं.

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही लॅपटॉपमधली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. माझा सहाव्या पिढीचा आय-थ्री. तालुक्याच्या दुकानात सरळ सांगतात, नवीन घ्या. कापसाचे पैसे हातात यायचे आहेत आणि चांगला चालणारा लॅपटॉप भंगारात द्यायचा, हे मला पटत नाही.

मग विंडोज पुसूनच का टाकलं नाही? गावातल्या लोकांचे अर्ज मी भरून देतो. माझ्याकडचं बोटाचे ठसे घ्यायचं यंत्र आणि डिजिटल सहीचा डोंगल, दोघांचं सॉफ्टवेअर विंडोजचंच मिळालंय. वर जुनी सगळी पत्रं कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये. तेवढ्या कामापुरतं विंडोज राहील. बाकी इंटरनेट, लिहिणं, हिशेब मिंटवर.

डिस्कची वाटणी हे यातलं सगळ्यात जोखमीचं काम. आमच्याकडे वावराचा धुरा हातभर सरकला तरी प्रकरण कोर्टात जातं, इथेही तेवढंच जपावं लागतं. आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घेतल्या. विंडोजचा भाग विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून आकसवला आणि मोकळी झालेली जागा मिंटला दिली. मधेच वीज गेली तर डिस्कची वाट लागते, आणि या लॅपटॉपची बॅटरी दमलेली. म्हणून इन्व्हर्टर पूर्ण भरल्यावरच हात लावला. कोणाच्या लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवून घ्यावी. ती नसली तर स्वतःच्याच फायली स्वतःला उघडता येत नाहीत.

विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद केलं. ते चालू असलं की शटडाऊन म्हटलं तरी विंडोज पुरतं बंद होत नाही, अर्धी अवस्था डिस्कवर जपून ठेवतं. मग मिंटमधून ती डिस्क उघडली तर फायली वाचता येतात, पण त्यात काही लिहिता येत नाही.

सगळ्यात गंमत वाटली घड्याळाची. मिंटमधून विंडोजमध्ये आलो तर रात्रीच्या नवाला दुपारचे साडेतीन! मदरबोर्डवर छोट्या बॅटरीवर चालणारं घड्याळ असतं. लिनक्स त्यात जागतिक वेळ ठेवतं, विंडोज त्यालाच इथली वेळ समजतं. भारताची वेळ साडेपाच तास पुढे, म्हणून नेमका तेवढाच फरक. टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, एक आज्ञा देऊन मिंटलाही त्या घड्याळात इथलीच वेळ ठेवायला लावलं. असं कारण हाती लागलं की मला फार आनंद होतो.

शेजारची पोरगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. संध्याकाळी येऊन मिंटमध्ये पायथन या भाषेत प्रोग्राम लिहीत बसली. पायथन मिंटमध्ये आधीच असतं, वेगळं उतरवावं लागत नाही, आणि इथल्या नेटवर ही मोठी सोय आहे. लिहिण्या-हिशेबाचं लिब्रेऑफिसही सोबतच येतं. उठायच्या आधी म्हणाली, "काका, आमच्या घरच्या डेस्कटॉपवरबी करून द्या ना. पण विंडोज काढू नका, बाबाचा दुकानाचा हिशेब त्यातच आहे."

काढणार नाहीच. तिला सांगितलंय, आधी बाबाचा हिशेब पेनड्राइव्हवर घे, मग डिस्कमध्ये जागा किती उरली ते पाहू.