बेडका न काढणाऱ्या लेकराचा टीबी कसा शोधला: माझा अनुभव

दसरा झाला की नणंद आणि नंदई कोयता घेऊन टोळीसोबत कारखान्यावर जातात. त्यांचा चार वर्षांचा मुलगा मग बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावी, आमच्याकडे राहतो. यंदा दिवाळीनंतर त्याचा खोकला हटेना. संध्याकाळी अंगात कसर यायची, भाकर ताटात तशीच राहायची आणि अंगणवाडीत वजन वाढेना. तालुक्याच्या एका खाजगी दवाखान्यात बाटल्या बदलून झाल्या, "हवामानानं होतं" एवढंच ऐकायला मिळालं. आमच्या आशाताईनं मात्र आधी विचारलं, "वहिनी, तुमच्या सासऱ्यांचं टीबीचं औषध मागच्या वर्षीच चालू होतं ना? हा त्यांच्याच कुशीत झोपतो ना?"

तिथून आम्ही अंबाजोगाईला सरकारी मेडिकल कॉलेजात गेलो. छातीचा फोटो काढला, हातावर मांटूची सुई टोचली. ती 48 ते 72 तासांत दाखवावीच लागते. डॉक्टर लाली मोजत नाहीत, बोटानं चाचपून कडक झालेला फुगवटा मोजतात. 10 मिलिमीटर किंवा जास्त असला तर शरीरात टीबीचे जंतू शिरले असावेत, असं धरतात. पण तेवढ्यावरून आजार झालाय असं ठरत नाही.

खरी अडचण बेडक्याची. "थुंक रे बाळा" म्हटलं की लाळ यायची. एवढी लेकरं बेडका गिळून टाकतात, म्हणून तो पोटातून काढावा लागतो. रात्रीपासून उपाशी ठेवलं, पहाटे उठायच्या आत सिस्टर आल्या. मी त्याचं डोकं छातीशी धरलं, दुसऱ्या सिस्टरनं हात धरले, नाकातून बारीक नळी पोटात गेली आणि सिरिंजमध्ये थोडं गढूळ पाणी आलं. "मामी, नको" म्हणून तो इतका रडला की वॉर्डातल्या बाकीच्या आयाही उठून बसल्या.

त्याच दिवशी मालकांनी मोबाईलवर वाचलं की लघवीवरूनही टीबी कळतो, पट्टीवर थेंब टाकले की 25 मिनिटांत. मी तडक डॉक्टर मॅडमना विचारलं, "मग लेकराला नळी कशाला?" त्यांनी नीट समजावलं. टीबीच्या जंतूच्या कवचातला लॅम नावाचा एक घटक लघवीत उतरतो, पट्टी तो पकडते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये, त्यातही आजार बळावलेल्यांमध्ये, तो पट्टीला सापडण्याइतका असतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 मध्ये ही तपासणी एचआयव्ही असलेल्यांसाठीच सुचवली, 2019 मध्ये त्यांच्यातच तिचा वापर वाढवला. एचआयव्ही नसलेल्या लेकरांत ती पट्टी बरेच रुग्ण सोडून देते. आमच्या लेकराची एचआयव्ही तपासणी निगेटिव्ह होती, त्यामुळं पट्टी कोरी आली असती तरी काहीच ठरलं नसतं. नळी टाळायची तर शीच्या नमुन्यावरही सीबीनॅटची, म्हणजे जंतू शोधणाऱ्या मशीनची, तपासणी होऊ शकते, 2022 च्या जागतिक मार्गदर्शनात ती आहे. ती सगळीकडे होत नाही, पण आईबापांनी विचारावंच. लघवीची पट्टी सगळ्याच लेकरांना चालेल इतकी चांगली व्हावी, असं मला मनापासून वाटतं. पहाटेची ती नळी ज्यानं पाहिली त्याला हे सांगायला नको.

पोटातून काढलेल्या पाण्याचा सीबीनॅटचा रिपोर्ट आला, जंतू आढळले नाहीत. सासूबाईंनी लगेच पिशवी भरायला घेतली. मॅडमनी थांबवलं. लेकरांच्या आजारात जंतू मुळातच कमी असतात, म्हणून मशीनला न सापडणं म्हणजे टीबी नाही असं होत नाही. फोटोत छातीतल्या गाठी वाढलेल्या, मांटू पॉझिटिव्ह, घरात रुग्ण, वजन न वाढलेलं आणि साध्या अँटिबायोटिकनं फरक नाही. हे सगळं मिळून त्यांनी औषध सुरू केलं.

गोळ्या वजनाप्रमाणे, पाण्यात विरघळणाऱ्या, फुकट. लघवी नारिंगी होईल हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, नाहीतर सासूबाईंनी औषध बंदच केलं असतं. निक्षयवर, म्हणजे टीबी रुग्णांच्या सरकारी ऑनलाइन नोंदीत, नाव चढलं की पोषण आहाराचे महिन्याला 1000 रुपये बँक खात्यात येतात. त्यासाठी खात्याचं पासबुक सोबत न्या. घरातल्या बाकीच्यांचीही तपासणी झाली. माझ्या धाकट्या मुलीला आजार नव्हता, तिला प्रतिबंधक औषध दिलं.

नणंद फोनवर म्हणाली, "मी त्याला इकडं घेऊन येते." तसं करायचं असेल तर निघण्याआधी टीबीच्या कर्मचाऱ्याला गाठा. निक्षयवरची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात वर्ग करता येते, गोळ्या तिकडच्या सरकारी दवाखान्यातून मिळतात. फडावर जायचं म्हणून एकही दिवसाची गोळी चुकवू नका.