मागाचा आवाज
आज सातवीच्या वर्गात, भौगोलिक मानांकन मिळालेल्या सोलापुरी चादरीविषयी बोलत असताना, यंत्रमागाचा आवाज तुम्हाला कसा वाटतो, असा प्रश्न मी सहज विचारला. सोलापुरातल्या होटगी रस्त्याकडून येणाऱ्या एका मुलाने त्या खडखडाटाने डोके उठते असे तत्काळ सांगितले, मात्र शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत राहणारी, घरी तेलुगू बोलणारी एक मुलगी म्हणाली, "सर, रात्री माग थांबला की मला जाग येते." कारण विचारल्यावर वहीचा कोपरा दुमडत ती सांगू लागली की, माग थांबला म्हणजे बाबांची मजुरी बुडाली, आणि मग आई पहाटेच बिड्या वळायला बसते.

लगेच काहीतरी समजावून सांगण्याची शिक्षकांची जुनी खोड मी कशीबशी आवरली आणि प्रत्येकाने आपल्याला आवडणारा किंवा नकोसा वाटणारा एक आवाज निवडून, तो तसा का वाटू लागला, हे लिहावे असे सुचवले. मघाच्याच मुलाने लिहिले, "नळाला पाणी आल्याचा आवाज आवडतो, कारण त्या दिवशी आजी कोणावर चिडत नाही."

मधल्या सुट्टीत तो त्या मुलीच्या बाकाशी उभा राहून, माग नेमका चालतो तरी कसा, हे विचारत होता.