कन्नडच्या घाटात तापलेला क्लच

चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरकडे परतताना कन्नडच्या घाटात ट्रकांची रांग लागली आणि आमची छोटी गाडी चढावर इंच-इंच सरकू लागली, तेव्हा थोड्याच वेळात गिअरबॉक्स तापल्याचा इशारा समोर उमटला. इंजिनाचा यात दोष नव्हता; ९९८ सीसीचे ते तीन सिलिंडरी टर्बो पेट्रोल इंजिन १५०० आरपीएमपासूनच (मिनिटाला फेरे) १७२ न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे चाके फिरवणारा जोर, देते आणि जालना रस्त्यावर ओव्हरटेक करताना ते अंगावर जाणवते.

अडचण क्लचची होती. आमच्या गाडीत ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स आहे; त्यात विषम गिअर एका क्लचवर व सम गिअर दुसऱ्यावर असल्याने पुढचा गिअर आधीच लागलेला असतो, म्हणून बदल झटक्याविना होतो. परंतु आमच्या गाडीतील क्लच कोरडे असल्यामुळे रांगत्या वेगात ते अर्धवट घासत राहतात आणि ती उष्णता वाहून नेण्यास तेल नसते. त्यात आमच्याकडचा मे महिना!

आता मी चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरत नाही; ब्रेक पूर्ण दाबून थांबतो, पुढे दोन गाड्यांची जागा मोकळी होऊ देतो आणि मगच, मागच्याचा हॉर्न ऐकत, निघतो.